घरच्यांनी शेवटी बसायचं

आई, शाळेत तुझ्या नावाची स्पर्धा सुरू झाली आहे. रोबोट बनवणाऱ्या मुलांची. गेल्या रविवारी पहिली झाली आणि तुझी मुलगी म्हणून मला पुढच्या रांगेत बसवलं, शाल दिली, नारळ दिला. स्टेजवर हार घातलेला तुझा फोटो होता, तोच, ओळखपत्रासाठी काढलेला, ज्यात तू कुणाचा तरी पेपर तपासून वैतागल्यासारखी दिसतेस. प्रमुख पाहुणा कोण होता सांगू? तुझा लाडका. तू शाळेत चालवायचीस त्या आमच्या रोबोट टीमचा कॅप्टन. आता बेंगळुरूला मोठ्या कंपनीत आहे, पोट सुटलंय, पण बोलणं अजून तसंच, लोण्यासारखं. माइक हातात घेऊन म्हणाला, "मैडम ने हमें एक ही चीज़ सिखाई. 'मैं' नहीं, 'हम'." टाळ्या. आणि लगेच पुढच्या वाक्यात, आई, अगदी लगेच, "एक दिन मैंने मम्मी को बेलन चलाते देखा, और मुझे आइडिया आया." पुन्हा टाळ्या. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की नारळ तिथेच फोडावासा वाटला.

कुणाची मम्मी, कुणाचं बेलन? मला तर तो दिवस वासासकट आठवतो. आम्ही शाळेत असताना, त्या वर्षीच्या राज्य स्पर्धेचा विषय होता, आपल्या शहरातल्या कष्टकऱ्यांच्या कामी येईल असं यंत्र. तू आम्हाला जवळच्याच भैरवगढला घेऊन गेलीस, कापडाच्या छापे-रंगाईवाल्यांकडे. मेणाचं काम केलेलं कापड तिथे उकळत्या पाण्यात टाकून मेण काढतात आणि बायका ते काठीनं बाहेर ओढतात. त्यांचे हात कोपरापर्यंत भाजलेले. तू बघितलंस आणि तिथेच ठरवलंस, कापड बाहेर काढणारा हात बनवायचा. आम्ही बनवलाही, पंजा असलेला. पण ओलं, मेणचट कापड त्या पंजातून सुळकन निसटायचं. महिना गेला. सगळे कंटाळले, कॅप्टन तर म्हणाला, अपन दूसरा कुछ बना लेते हैं. आणि मी घरी, आपल्या माधव नगरच्या त्या एवढ्याशा स्वयंपाकघरात, पातेल्यात साबणाचं गरम पाणी करून तुझी जुनी ओढणी बुडवून बसले आहे. चिमट्यानं धरते, निसटते. सांडशीनं धरते, निसटते. शेवटी चिडून ओट्यावरचं लाटणं उचलते, ओढणीचं टोक त्याला गुंडाळते आणि फिरवत जाते. आख्खी ओढणी वर! धरायचंच नाही, गुंडाळायचं. मी नाचायला लागले. तू पोळ्या करत होतीस, मागे वळलीस आणि म्हणालीस, "अगं ए, लाटणं आहे ते! पोळ्या काय तुझ्या डोक्यानं लाटू?" म्हणजे तू बघितलंस. याबद्दल शंका नको. ओरडण्यासाठी का होईना, तू बघितलंस.

दुसऱ्या दिवशी मी ते लाटणं दप्तरात घालून शाळेत नेलं, सगळ्यांना दाखवलं आणि पंजाच्या जागी रूळ बसवला. यंत्र चाललं. मग तू आमची बोलण्याची तालीम घ्यायला लागलीस. परीक्षकांसमोर कुणी 'मैंने' म्हणायचं नाही, 'हमने' म्हणायचं. मी एकदा चुकून म्हणून गेले, "मैडम, ये रोलर मैंने..." तर भर वर्गात, सगळ्यांसमोर, तू म्हणालीस, "घर में तुम मेरी बेटी हो. यहाँ नहीं." एवढं बोलून तू फळ्याकडे वळलीस. मला वर्षभर शाळेत तुला मॅडम म्हणायला लावलंस त्याचं मला काही वाटलं नव्हतं, उलट मजा यायची. त्या दिवशी मात्र वाटलं. तू टीम चालवलीस ती पंगतीसारखी. बाहेरच्यांना आधी वाढायचं, आग्रह करायचा, घरच्यांनी शेवटी बसायचं. आणि घरच्यांची वेळ येईपर्यंत बासुंदी संपलेली असली तर कुरकुर नाही करायची, त्याला संस्कार म्हणायचं.

भोपाळ आठवतं? राज्याची फेरी. बंद खोली, तीन परीक्षक, आम्ही सगळे एकसारख्या टी-शर्टमध्ये ओळीनं उभे, तू मागे प्लॅस्टिकच्या खुर्चीवर. त्यांतले म्हातारे परीक्षक फार खूश झाले होते. रूळ फिरवून फिरवून बघत होते. म्हणाले, "ये लपेटने वाली बात किसको सूझी?" मी म्हटलं, "सबने मिलकर, सर." शिकवल्याप्रमाणे. आणि माझं वाक्य संपायच्या आत तो, तुझा कॅप्टन, एक पाऊल पुढे होऊन म्हणतो, "सर, मैंने मम्मी को रोटी बेलते देखा था, वहीं से." परीक्षक हसले. मी वळून तुझ्याकडे बघितलं. तू घड्याळ बघत होतीस. मग त्यांनी तुला सरळ विचारलं, "मैडम, आप कुछ कहेंगी?" आई, त्या क्षणी मला खरंच वाटलं, आता बोलेल. तू उठलीस, पदर सारखा केलास आणि म्हणालीस, "सबने मिलकर बनाया है, सर." झालं. टीमला दुसरा नंबर मिळाला आणि त्या कल्पनेचं वेगळं बक्षीस त्याला, त्याच्या एकट्याच्या नावानं. बेंगळुरूच्या शिबिरात जागा. तिथूनच त्याची गाडी सुटली ती सुटलीच. मी इथेच बी.एस्सी. केलं, बँकेत लागले. वाईट नाही चाललेलं. पण यंत्रातली मोटार बघितली की अजून हात शिवशिवतात, आणि बँकेत मोटार कुठून येणार, एसीची येते तेवढीच.

परतताना सकाळी बस आपल्या देवास गेटच्या स्टँडला थांबली. तू सगळ्यांना पोहे-जिलबी खायला घातलीस. त्याच्या द्रोणात पहिली जिलबी तू टाकलीस, "शाबास" म्हणालीस. तो खोटं बोलला हे तुला माहीत होतं आणि तू शाबास म्हणालीस! वर्षाअखेरीला सगळ्यांना स्क्रू पिळायच्या पेचकसांचे छान सेट वाटलेस, एक कमी पडला. "तुझं काय गं, तू घरचीच." ते यंत्र भैरवगढला दिल्यावर त्याची चेन दर थोड्या दिवसांनी उतरायची. बाकीच्यांचे क्लास होते. रविवारी कोण जायचं? घरची. तू म्हणायचीस, सेवा म्हणजे फोटो काढून मोकळं होणं नव्हे. खरंच होतं ते, मी नाही म्हणत नाही. तिथली रंगाईवाली मावशी तुला एकदा म्हणालीसुद्धा, "मैडम, ये बच्ची नहीं आती तो आपकी मशीन कबाड़ में पड़ी होती." किती साधं होतं, नुसतं हसली असतीस तरी चाललं असतं. तू म्हणालीस, "अरे नहीं, सब बच्चों की मेहनत है." सब बच्चे तेव्हा कुठे होते? त्या चेनचं काळं ग्रीस फक्त माझ्याच नखांत होतं.

तू गेलीस तेव्हा ही सगळी मंडळी आली. प्रत्येक जण मला मिठी मारून म्हणाला, मैडम हमारी माँ थीं. मी म्हटलं, हो. दुसरं काय म्हणणार? हॉस्पिटलमध्येही तू मला आधी त्यांनाच कळवायला लावलंस. कॅप्टन आला तेव्हा तू त्याचा हात धरून बसलीस आणि मी खाली औषधं आणायला गेले. लोक काय म्हणतील, मॅडमनी आपल्याच पोरीला पुढे केलं, ही तुझी भीती मला समजते. आता नोकरीत मीही चार माणसं सांभाळते. न्यायी म्हणून तुझं नाव होतं आणि ते राखायला तुला माझ्याइतकं स्वस्त कुणी मिळणार नव्हतं. रविवारी स्टेजवरून निवेदिकेनं मला विचारलं, "आप भी तो टीम में थीं ना? आपका क्या काम था?" शाल सावरत मी काय म्हटलं असेल? "सबने मिलकर किया था." खूप टाळ्या पडल्या. घरी येऊन भांडी आपटली.

हे कुठे पाठवायचं नाहीये, म्हणून खरं लिहिते. भोपाळचा राग कधीच निवला. भोपाळला लोक होते. पण घरी कोण होतं गं? गॅसवर कुकर आणि आपण दोघी. दार लोटून एकदा, पोळी तव्यावर टाकता टाकता म्हणायचं होतंस, "तुझं होतं ते, मला माहितीये." मी कुणाला सांगितलं नसतं. वर्षानुवर्षं तू त्या ओट्यापाशी उभी होतीस आणि एवढं एक वाक्य तुझ्या तोंडून निघालं नाही.

विचारलं मात्र मीही नाही. कितीदा दारात येऊन उभी राहिले. तू म्हणायचीस, "काय गं?" मी म्हणायचे, "काही नाही," आणि माठातलं पाणी पिऊन निघून जायचे. कारण मला वाटायचं, मी विचारीन आणि तू कणीक मळता मळता, मागे न बघता म्हणशील, "सगळ्यांनीच केलं ना ते." लोकांसमोर म्हणालीस ते मॅडम म्हणून. तिथे, आपण दोघीच असताना म्हणाली असतीस, तर ते तुला खरंच तसं वाटतंय असा अर्थ झाला असता. त्यापेक्षा तू गप्प राहिलेली मला परवडली.