काळ्या दोऱ्याचा टाका

वराळे, तळेगाव दाभाडे
रविवार, ११ जानेवारी २०२६

चि. प्रतीक्षा,

आत्याचा सप्रेम जयभीम.

आम्ही इकडे बरे आहोत असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिते. तुझे बाबा तुंगार्लीतच असतात, बंगल्याची राखण आणि मालकाची तीन कुत्री. माझ्या या भावाला, अतुलला, स्वतःला ताप आला तरी कुत्र्यांना फिरवून आणल्याशिवाय गोळी घेत नाही. थंडी मात्र यंदा हाडांत शिरते आहे.

ऑक्टोबरात मी तुला फोनवर बोल लावले, तेव्हापासून आपण बोललो नाही. तुझा तो लेख मी पुन्हा पुन्हा वाचला. अंतराळात यंत्रं पाठवा, माणसाची घाई नको, माणूस बसवला की बारीकसारीक गोष्टीतही जीव अडकतो, असं तू लिहिलंस. मी म्हणाले, चार बुकं शिकलीस म्हणून आमच्या बारा बायकांच्या कामावर उठलीस काय? ताडपत्र्या शिवणाऱ्या बायका यानातल्या खुर्चीचे पट्टे शिवायला लागल्या, ते तुला बघवत नाही. हे शेवटचं मी बोलायला नको होतं.

वीस तारखेला तू दिल्लीत अंतराळ मोहिमेच्या समितीपुढे हेच मांडणार आहेस, असं तुझ्या बाबांनी सांगितलं. म्हणून घाईनं लिहिते आहे. फोनवर तू मध्येच बोलशील आणि माझं सांगायचं राहून जाईल.

डिसेंबरात आमच्या युनिटमध्ये एकजण आला होता. यानातून वर जाणाऱ्यांपैकी एक. नाव आम्हाला सांगत नाहीत. पस्तिशीचा असेल, कान मोठे. तोवर आम्ही पुतळ्याच्या मापाचे पट्टे शिवायचो. पहिल्या उड्डाणात पुतळाच बसणार ना. आता याच्या मापाचे शिवायचे होते. खुर्चीत बसवून पट्टे आवळले तेव्हा तो मोडक्या मराठीत म्हणाला, "मावशी, नीट शिवा हां. यातच बसायचंय मला." सगळ्या हसल्या, तोही हसला. मग पट्टे सोडवून मी हातात घेतले, तर खांद्याकडची बाजू घामानं ओली. डिसेंबर महिना, आणि हॉलमध्ये एसी.

आमच्याकडे सुया मोजून मिळतात. एखादी मोडली तर सगळे तुकडे शोधून, रजिस्टरला चिकटवून, मगच दुसरी. तपासणीला सारिका असते. तुझ्याच वयाची, फार नीट मुलगी. तिच्या सहीशिवाय पट्टा बाहेर जात नाही.

बघ, मी अजून इकडचं तिकडचंच लिहिते आहे.

पट्टे पाठवायच्या आदल्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीत, मी त्याच्या डाव्या खांद्याच्या पट्ट्याला आतून एक टाका घातला. काळ्या दोऱ्याचा. बाळाला तीट लावतात तसा. घरची सुई, घरचा दोरा. तुझ्या आजोबांनी घरात कुणाच्या मनगटाला काळा दोरा बांधू दिला नाही. बावीस प्रतिज्ञा मी तुला पाठ करून घेतल्या. आणि मीच हे केलं. मला लाज वाटते, पण लाजेचं नंतर बघू.

पट्टा जाड. सुई जाईना. अंगठ्यानं रेटली तर मोडली, आणि टोक आतच राहिलं. चिमट्यानं खूप शोधलं. तेवढ्यात सुट्टी संपली. घरची सुई, रजिस्टरात नाही, म्हणून कुणी तुकडे मागितले नाहीत. वरून गादी चढली. बक्कल लागलं की धातू शोधणारं यंत्र तसंही ओरडतंच, म्हणून त्यानंतर पट्टा त्यावर ठेवत नाहीत. सारिकानं सही केली आणि पट्टा गेला.

शेजारच्या मशीनवरच्या नंदाबाईनं पाहिलं होतं. ती म्हणाली, "कशापायी घाबरतीस गं? लय खोल हाय त्ये. आन् तू काय वाईट मनानं केलंस व्हय? कुनाला दिसनार न्हाई." यान सुटताना, परत येऊन समुद्रात पडताना सगळा भार त्या पट्ट्यावर येणार, आणि ते टोक आत धागे कापत बसणार. त्याचे कान डोळ्यांसमोरून हलत नाहीत.

पुतळ्याला मी तीट लावली नसती, प्रतीक्षा. माणूस बसला की खर्च वाढतो, धोका वाढतो, हे सगळं तुझ्या लेखात आहे. शिवणारीचा हात बदलतो, हे तुला तरी कुठून कळणार?

उद्या सकाळी नऊ वाजता साहेबांना सांगणार आहे. सांगून झालं की पत्र टाकीन.

मंगळवार, १३ जानेवारी

काल सांगितलं. साहेबांनी आधी दार लावून घेतलं. म्हणाले, "हिराताई, एका टाक्यापायी सगळं काम घालवता का? बाकीचेही पट्टे परत येतील. बारा बायका घरी बसतील. सही सारिकाची आहे, पहिली तीच अडकेल."

मी म्हणाले, "तो पट्टा परत मागवा."

"बघतो," म्हणाले. मी पट्ट्याचा नंबर सांगितला, त्यांनी लिहून घेतला नाही. पुन्हा सांगितला, तरी नाही. मला पंधरा दिवसांची सुट्टी दिली. मी मागितली नव्हती. "कुठं बोलू नका," एवढं दोनदा म्हणाले.

पोरी, आता मला खरी भीती वाटते. परवापर्यंत वाटत होतं, सांगितलं की कुणीतरी धावेल.

सारिकाला गाठून सांगितलं. आधी रडली. मग म्हणाली, "मावशी, विचारलं तर मी पण सांगेन." तिची काही चूक नाही, हे नीट ध्यानात ठेव.

हे पत्र मिळेल त्याच दिवशी, मोहिमेतल्या ज्यांना तू ओळखतेस त्यांना नंबर कळव. वीस तारखेची वाट बघू नकोस. आणि वीसला समितीपुढे हे वाच. तुझ्या बाजूचा पुरावा म्हणून वाचलंस तरी चालेल. माणसानं वर जाऊ नये असं मला अजूनही वाटत नाही. पण तो माझ्या हातानं मरायला नको.

तू मला सांभाळायला बघशील, माझं नाव गाळशील. गाळू नकोस. बिननावाचं पत्र कुणी खरं मानत नाही. आणि भाचीला लिहिलेलं दिसलं तर घरातली गोष्ट म्हणून बाजूला ठेवतील. म्हणून खाली 'तुझी आत्या' असं लिहीत नाही.

डाव्या खांद्याचा पट्टा, क्रमांक ०४१७. टाका मी घातला. सुईचं टोक आत आहे.

हिरा ओव्हाळ
शिवणकामगार, वराळे