डोंगराला दहापैकी नऊ

भाऊ, आम्ही बहुतेक हिमाचलात राहायला जाणार. हे वाक्य तुमच्यासमोर उभं राहून बोलायची माझी छाती झाली नसती, म्हणून तुम्ही जाऊन पंधरा वर्षं झाल्यावर लिहितो आहे. माकुणसारची वाडी सोडून मी बोईसरला बिऱ्हाड केलं, तेव्हा तुम्ही आठवडाभर माझ्याशी बोलला नव्हतात. सफाळ्याहून गाडीत बसलं की अर्ध्या-पाऊण तासात येणारं बोईसर, पण तुमच्या लेखी मी परमुलखात गेलो होतो. आता तर मध्ये चार-पाच राज्यं आहेत. अबोला किती दिवसांचा धरायचा ते तुम्हीच ठरवा. सगळं गाव तुम्हाला भाऊ म्हणायचं, म्हणून आम्ही मुलंही वडिलांना भाऊच म्हणत राहिलो, ते एक बरं झालं. बापाला लिहायचं म्हटलं की हात आखडतो. भावाला लिहिताना थोडं मोकळं होता येतं.

झालं असं की, आमच्या औषधाच्या कंपनीनं तिकडे डोंगराच्या पायथ्याला नवा कारखाना काढला आणि माझी अख्खी लॅब तिकडे हलवायचं ठरवलं. ज्यांना यायचंय त्यांनी यावं, बाकीच्यांना इथेच गोदामात सामावून घेऊ, असं साहेब फार प्रेमानं म्हणाले. आमच्याकडे सामावून घेणं म्हणजे काय ते तुम्हाला कळायचं नाही. मोडकी खुर्ची कपाटामागे सरकवतात, तसं. सोबत एक फॉर्म आला. जाणार की राहणार, आणि का. त्या दिवसापासून कॅन्टीनमध्ये सगळ्यांना एकाएकी निसर्ग आवडायला लागला. लिफ्ट बंद असली की वरच्या मजल्यावरची मीटिंग पुढे ढकलणारा माणूस मला राफ्टिंगचे फायदे सांगत होता.

आमच्या घरीही तेच. मुलीनं कॉम्प्युटरवर तक्ता केला. आडव्या रकान्यांत हिमाचल आणि पालघर, उभ्या रकान्यांत डोंगर, पाणी, झाडी, बर्फ, फिरायच्या वाटा, रविवारी काय करता येईल. प्रत्येकाला दहापैकी गुण. तुमची सूनबाई शेजारी बसून भेंडी चिरत होती. ती म्हणाली, "घाला लागतील ते रकाने. पण माझा खोकला त्यात धरायचा नाही. माझ्यासाठी म्हणून घर हलणार असेल, तर मी हलणार नाही." आणि तेवढं बोलताना ती तीनदा थांबून खोकली.

तर खरी गोष्ट ही आहे, भाऊ. गेली तीन वर्षं तिचा खोकला जात नाही. थंडीत तर जिना चढून आली की आधी पायरीवर बसते आणि मग कुलूप उघडते. डॉक्टर प्रत्येक वेळी पंप बदलून देतात आणि शेवटी, मान खाली घालून, "हवाबदल झाला तर बघा" म्हणतात. पण हिची मासवणची शाळा आहे. बावीस वर्षं ती तिथे पहिलीला शिकवते. जिला शिकवलं तिची मुलगी आता हिच्या वर्गात येते आणि पाटीवर आईसारखाच उलटा चार काढते. ती शाळा सोड, असं मी कुठल्या तोंडानं सांगू? म्हणून आम्ही तिघांनी मिळून खोकल्याला निसर्ग असं नाव दिलं आणि त्याला गुण देत बसलो.

तुम्ही जागा कशी पारखायचात ते मला आठवतं. पानवेलीची नवी वाडी लावायची तर तुम्ही आधी नुसते जाऊन उभे राहायचात. सकाळी एकदा, उन्हं कलताना एकदा. वारा कुठून येतो, खारा किती, कोणत्या अंगाला झापांचा आडोसा लागेल, ते ठरलं की मग पाणी, मग माती. देखावा तुमच्या हिशेबातच नव्हता. केळव्याला आलेले एक मुंबईकर पाहुणे वाट चुकून आपल्या वाडीत शिरले होते. मी तेव्हा सातवी-आठवीत असेन. ते गृहस्थ म्हणाले, "रोज हा नजारा बघता तुम्ही, नशीबवान आहात." तुम्ही वेल बांधता बांधता म्हणालात, "बगायला मान वर करायला लागते, सायेब. आमची खाली हाय." त्यांना तो विनोद वाटला, ते हसले. मीही हसलो. तुम्ही नाही हसलात.

आणि मग तो दिवस. मी बोईसरला, कुंभवलीच्या बाजूला, तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट बघितलाय आणि तुम्हाला दाखवायला आणलंय. बिल्डरचा माणूस नळ सोडून दाखवतोय, ओट्यावरची काळी फरशी दाखवतोय. तुमचं कशातच लक्ष नाही. तुम्ही गॅलरीत जाऊन विडी पेटवता आणि न ओढता हातात धरून उभे राहता. धूर सरळ घरात येतोय. तुम्ही लांबच्या कारखान्यांच्या चिमण्यांकडे बघता, पुन्हा धुराकडे बघता.

"ही जागा नको घेव."

"का? काय वाईट आहे?"

"वारा ह्या अंगानं हाय. रोज कारखाना घरात घेवन येल."

बिल्डरचा माणूस माझ्याकडे बघून गालात हसला, आणि मला लाज वाटली. तुमची. मी म्हणालो, "भाऊ, इथे पानवेल लावायची नाहीये. माणसं राहायची आहेत."

तुम्ही विडी विझवलीत. म्हणालात, "पानवेल बरी. तरास झाला का पिवळी पडून सांगते तरी. मानूस सांगत नाय."

महिन्याभरानं तुम्ही माझ्या भावाबरोबर टेम्पोतून चार झाप पाठवलेत, नारळीच्या झावळ्यांचे, स्वतः विणलेले, माझ्या गॅलरीच्या मापाचे. माप तुम्ही कधी घेतलंत देव जाणे. मी ते दोन दिवस जिन्याखाली ठेवले. सोसायटीतली माणसं विचारायला लागली, इथे झोपडी बांधताय का? तिसऱ्या दिवशी मी ते वॉचमनला देऊन टाकले. तुम्ही पुढच्या वेळी आलात तेव्हा गॅलरीकडे एकदा बघितलंत आणि हिनं पुढे केलेला चहा घेतलात. मला वाटलं, विसरलात. तुम्ही कधी काय विसरला होतात?

ऑक्टोबरात आम्ही तिघं हिमाचल बघून आलो. कंपनीनंच एका वसाहतीत सहा दिवस राहायची सोय केली होती. खिडकीतून समोर दरी, पलीकडे एकामागे एक डोंगर, सगळ्यात मागे बर्फाची बारीक रेघ. दाखवायला आलेला तिथला माणूस त्या खिडकीशी आम्हाला उभं करून, जणू डोंगर त्यानंच लावले असावेत, असा बाजूला झाला. संध्याकाळी तो जेवणाचं विचारायला परत आला आणि दारातच थबकला. आम्ही सगळ्या खिडक्या बंद करून, पडदे ओढून बसलो होतो. मुलीनं बेडरूमची लावली होती, हिनं स्वयंपाकघरातली, आणि मी त्या दरीकडच्या खिडकीच्या फटीत ओला टॉवेल खोचत होतो. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. बोईसरला दिवेलागणीला कारखान्यांचा वास सुटतो, त्या वेळेला हात आपोआप खिडक्यांच्या कड्यांकडे जातात. आमच्या हातांना राज्य बदलल्याचं कळलं नव्हतं. "साब, व्ह्यू तो इधरही है," तो बिचारा म्हणाला, "आपने बंद क्यूं कर दिया?" मुलगी आधी हसली, मग हिला इतकं हसू आलं की ती खाली बसली. आणि हसून झाल्यावर मी वाट बघत राहिलो. हसली की तिला खोकल्याची उबळ येते, नेहमी. आली नाही.

मग मी कान लावूनच होतो. दुसरा दिवस, तिसरा, चौथा. ती देवळापर्यंतचा चढ चढून गेली आणि वर पोचल्यावर माझ्याशी भांडली, तेही एका दमात. चोवीस वर्षांत तिनं मला एका दमात इतकं बोललेलं मी कधी इतक्या आनंदानं ऐकलं नाही. पाचव्या दिवशी सकाळी मुलगी म्हणाली, "डोंगराला दहापैकी नऊ. एक गुण पप्पा दमले म्हणून कापला." आणि त्याच क्षणी हिनं तोंडावर पदर धरला आणि खोकली. दोनदा, नीट, अंतर ठेवून. भाऊ, औषधाच्या लॅबमध्ये खरं-खोटं ओळखण्याचाच मला पगार मिळतो. तो खोकला खोटा होता. मी "शाल घे," म्हणालो. ती शाल घेऊन बाहेर गेली आणि खिडकीतून मला दिसत होतं, लांब लांब श्वास घेत उभी होती, चोरी केल्यासारखी.

परत आल्यावर मुलगी म्हणाली, पालघरलाही न्यायानं गुण द्यायचे तर ते बघायला हवं. खरंच होतं. मी इथला जन्मलेला, आणि काळदुर्गाचा डोंगर मी रस्त्यावरूनच बघत आलो. हिचं तसं नाही. ती शाळेची सहल दर वर्षी काळदुर्गावर न्यायची. सगळ्यात पुढे ही, मागे पोरांची रांग. रविवारी आम्ही वाघोबाच्या खिंडीतून वर निघालो. झाडी अजून हिरवी होती. पहिल्या चढाला ती बोलत होती, कुठे कोणतं पोर घसरलं होतं ते सांगत होती. दुसऱ्या चढाला बोलणं थांबलं. मग एका दगडावर बसली आणि म्हणाली, "तुम्ही दोघं व्हा पुढे. मी पिशवी सांभाळते." पिशवीत चार केळी होती. त्या रानात ती कोण नेणार होतं?

मुलगी पुढे गेली. मी थांबलो. बऱ्याच वेळानं तिला श्वास सापडला. खाली वळणावर एस.टी. दिसत होती, मासवणकडे जाणारी. ती एस.टी. दिसेनाशी होईपर्यंत तिनं नजर काढली नाही. मग म्हणाली, "फॉर्म सोमवारीच द्यायचाय ना?"

"हो. पण तू म्हणशील तसं."

"मी म्हणते म्हणून नाही. तुम्हाला तिकडे आवडलं, पोरीला आवडलं. मग माझी कशाला आडकाठी?" मग पिशवी उचलत म्हणाली, "पहिलीला माझ्याजागी जी येईल तिला त्या मारकुट्या पोराचं नीट समजावून सांगायला हवं. त्याला ओरडलं तर तो शाळेतच येत नाही."

घरी येऊन फॉर्म तिनंच भरला, तिचं अक्षर चांगलं म्हणून. कारण या रकान्यात लिहिलं, "कुटुंबास निसर्गाची व गिर्यारोहणाची आवड." गिर्यारोहण तिनं पहिलीच्या फळ्यावर लिहावं तसं सुवाच्य लिहिलं. मी खाली सही केली. काल तो कंपनीत देऊन आलो.

हे पत्र कुठे पाठवणार? आणि घरात ठेवलं तर ती वाचेल. म्हणून लॅबमधल्या माझ्या खणात टाकणार आहे. तिथले कागद मी गेलो की कंपनी नष्ट करते, तसा नियमच आहे. तोवर तुम्हाला एक सांगून ठेवतो, कारण दुसऱ्या कुणाला सांगायची सोय नाही. मला तिकडे काहीही आवडलं नाही, भाऊ. ते डोंगर अंगावर येतात. दुपारी चारलाच सूर्य त्यांच्या मागे जातो, पाण्याला चव नाही, मासळी नाही, आणि सहाच्या सहा दिवस मला नीट झोप लागली नाही. पण हिनं विचारलं, तेव्हा मी म्हणालो, जन्मभर तिथेच राहावंसं वाटतं. तिचा विश्वास बसलाय. निदान तसं ती दाखवते तरी.