दोराला लटकलेला मुंगूस

प्रिय दादा,

माणूस दोराला किती वेळ लटकून राहू शकतो? मला उत्तर येत नाही. घरात पहिली पदवी माझी, म्हणून हिला सगळं येतं असं आईबाबांना वाटतं, पण हे नाही येत. आपल्या खेळाच्या नियमपुस्तकात लिहिलंय ते पाठ आहे: दर खेपेला वीस बाजूंचा फासा टाकायचा; दहा किंवा वर पडले तर पकड टिकली, कमी पडले तर हात सुटला. पण तुझा मुंगूस गेल्या हिवाळ्यापासून तुटक्या पुलाच्या दोराला लोंबकळतोय, आणि त्याच्यासाठी मी एकदाही फासा टाकलेला नाही.

तू निघण्याच्या आदल्या रविवारी आपण खेळ तिथेच थांबवला होता. पूल मधोमध तुटला, बाकीचे दोघं अलीकडे उरले, मुंगूस नदीवर लटकला. तू हसत म्हणालास, "राहू दे त्याला तिथेच. मी आलो की वर ओढा." मी मान डोलावली. तुझं काम एका हंगामाचं होतं.

खेळ तूच घरात आणलास. जुन्या बाजारातला फाटका खोका आणि इंग्रजीतलं जाडजूड पुस्तक माझ्यापुढे टाकून म्हणालास, "शिकतेयस ना? मग वाच आणि आम्हाला सांग." मी शिकावं म्हणून तू शाळा सोडून बाबांच्या हाताखाली रंधा धरला होतास. त्याबद्दल आपण कधी बोललो नाही. मी सूत्रधार झाले, तू कुठलीही भिंत चढणारा चोर झालास आणि त्याचं नाव ठेवलंस मुंगूस. बाबांनी प्लायवूडचा छोटा पडदा करून दिला. त्याच्यामागे मी फासे टाकायचे आणि काय पडलं ते सांगायचे. रविवारी करवत बंद असते, म्हणून आपण बाबांच्या सुतारकामाच्या टेबलावरच खेळायचो. अजून तिथेच खेळतो. फाशांना अजून भुसा लागतो.

पण खेळ बिघडलाय, दादा. औषधांच्या दुकानातल्या आपल्या मित्राला तू ओळखतोसच. नियमाचा पक्का. मी मुंगसाचा फासा टाळतेय हे पाहून सुरुवातीलाच म्हणाला, "अंदाजपंचे चालवायचं असेल तर उद्यापासून मी गोळ्याही मुठीने मोजून देतो." मला वाटलं, चित्रकलेच्या बाई माझी बाजू घेतील. नियम निघाले की त्यांना जांभया येतात, गोष्ट रंगली की त्या चहा विसरतात. त्यांनी घेतलीही, काही दिवस. मी कधी जादूचा वारा आणला, कधी कोळ्याच्या जाळ्यात त्याला अडकवलं. दर रविवारी दोघं दरीच्या काठाने जायचे आणि मुंगसाला हात करायचे. बाईंनी त्याचं चित्रही काढलं, एका हातात दोर, दुसऱ्यात छत्री. आम्ही पोट धरून हसलो. मग एका रविवारी त्याच बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. म्हणाल्या, "मला ड्रॅगन पटतो गं. बोलणारी झाडं पटतात. हा दोर काही पटत नाही."

त्यानंतर कुणी कशाला घाबरेनासं झालं. औषधवाला ड्रॅगनसमोर रिकाम्या हाताने जाऊन उभा राहिला. मी म्हटलं, अरे, मरशील. तो म्हणाला, "मुंगूस पडत नाही, मग मी कसा मरेन?" त्या वाक्याने माझी झोप उडवली. इतकी वर्षं मला वाटायचं, नियम एकीकडे आणि विश्वास दुसरीकडे. सूत्रधाराने अधूनमधून नियमाकडे डोळेझाक केली की गोष्ट वाचते. आता वाटतं तसं नाही. खोट्या जगावर आपण मन लावून विश्वास ठेवतो, कारण तिथेही पडलं की लागतं. एकाला मी लागू दिलं नाही, तर सगळं जगच कागदाचं झालं.

आता घरचं सांगते. आई दर रविवारी तुझं पांघरूण उन्हात टाकते आणि घडी करून पुन्हा तुझ्या पलंगावर ठेवते. बाबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, हे तुला आम्ही सांगितलेलं नाही. डॉक्टर म्हणतात ऑपरेशन लांबवू नका. बाबा म्हणतात, "थोरला येऊ दे. काम तो सांभाळेल, मग डोळ्यांचं बघू." तोवर अंगठ्याने चाचपून फळ्या मापतात आणि करवत चालवतात. मी आतल्या खोलीत असले तरी माझे कान करवतीकडे असतात. आवाज जरा बदलला की हातातलं काम टाकून धावते. मागच्या आठवड्यात धावले तेव्हा उशीर झाला होता. आई तुला फोनवर "किरकोळ लागलंय" म्हणाली ना, ते बोटाचं टोक होतं. बोट वाचलं. बाबा म्हणतात, "नखाएवढंच तर गेलं. आणि नख काय, वाढतं." पट्टी मी बांधली.

आणि रविवारच्या त्याच फोनवर तू म्हणालास, "हंगाम संपला की येतो." आईने फोन स्पीकरवर ठेवला होता. बाबांनी पट्टीचा हात वर करून मला खूण केली, बघ, येतोय. मी भिंतीकडे पाहत राहिले. मध्यंतरी फोनवर तू मला एकटीला जे सांगितलंस ते आठवत होतं, आणि वर तू म्हणालास तेही: "सध्या बोलू नकोस. वेळ बघून मीच सांगतो."

त्याच रविवारी दुपारी मी टेबलावरचा पडदा काढून खाली ठेवला आणि सांगितलं, आज मुंगसाचा फासा उघड्यावर पडेल. पण टाकायचा कुणी? औषधवाला, एवढा नियमाचा, दोन्ही हात मांडीखाली घालून बसला. बाई म्हणाल्या, "माझ्याकडे बघू नकोस." तेवढ्यात बाबा दुरुस्त केलेलं स्टूल घेऊन आत आले. काय चाललंय ते बाईंनी त्यांना समजावलं. बाबा म्हणाले, "थोरल्याचा गडी ना तो? आण इकडे." डाव्या हाताने त्यांनी फासा टाकला, मग फाशाला नाक लागेल इतकं वाकून पाहिलं. "किती गं?" त्यांना दिसत नव्हतं. सात होते. मी सात म्हणाले.

"म्हणजे पडला?" मी म्हटलं, पडला. खाली नदी होती; पाण्यात पडणाऱ्याला नियमाने आणखी एक फासा मिळतो. तोही बाबांनीच टाकला. चौदा. मुंगूस वाचला, पण प्रवाहाने त्याला पलीकडच्या काठाला नेऊन टाकलं, आणि पूल तर राहिलेला नाही. बाबांनी विचारलं, "त्या काठावर काय आहे?" मी तयारी केलेली नव्हती. तोंडातून आलं, "गाव आहे. दिवे दिसतायत." ते म्हणाले, "मग जगेल." आणि स्टुलाचा पाय हलतोय का ते पाहत बसले.

दोघं गेल्यावर बाबा भुसा झाडत होते. झाडता झाडता थांबून त्यांनी मला विचारलं, "तो तिकडे एकटाच आहे का?" दादा, मी "कोण?" असं विचारू शकले असते. मी आईला हाक मारली, त्या दोघांना टेबलाशी बसवलं आणि सगळं सांगितलं. तुझी नोकरी कायमची झालीय, तू तिथे लग्न केलंस, वहिनी शिवणकाम करते, तू आता परत यायचा नाहीस. तू रागावशील का, हे मला ठाऊक नाही. त्या भीतीने हे पत्र मी तीनदा फाडलं. फोनवर तू मला मध्येच तोडलं असतंस, म्हणून लिहितेय. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने विचारलं, "तिला मराठी कळतं का?" बाबांनी तुझ्याबद्दल अजून एक अक्षर काढलेलं नाही. पण मी त्यांना दवाखान्यात नेलं तेव्हा ते मुकाट्याने आले. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन काल झालं. हे पत्र स्पीडपोस्टाने टाकतेय; तुझ्या रविवारच्या फोनआधी ते तुला मिळावं एवढीच माझी धडपड आहे. फोन करशील तेव्हा हंगामाचं नाव काढू नकोस, वहिनीला फोन दे. करवतीची वायर मी काढून ठेवली आहे, आणि आईने तुझं पांघरूण पार्सलात बांधलंय. ते आज सकाळी मी पोस्टात टाकून आले.

तुझीच,
धाकटी