बचत म्हणजे बंद नव्हे

खराडी,
२१ एप्रिल २०२५

ती. तात्याकाकांस,
सविनय जय भीम.

डॉ. प्रियदर्शनी जूननंतर आपल्या इमारतीत डोळ्यांचा दवाखाना ठेवणार नाहीत. त्यांची नोटीस तुम्हाला मिळाल्याचं वॉचमन शंभूने मला सांगितलं. त्याला बोलू नका. तुम्ही माझा फोन कापता, म्हणून हे पत्र कुरिअरने पाठवते आहे.

काका, ऑफिसांच्या इमारतींत वीज कुठे वाया जाते ते शोधणं ही माझी नोकरी. तुम्हाला फुकट आराखडा करून दिला. पश्चिमेच्या काचेला बाहेरून ऊन अडवणारी जाळी, गच्चीला पांढरा लेप, जुनाट एसी बदलणं, जिन्यात माणूस आला की लागणारे दिवे. तुम्ही काय केलंत? भर दुपारी लिफ्ट बंद, एसी बंद, जिन्यात अंधार. वर पाटी: 'ऊर्जा बचत. दीक्षाच्या सल्ल्याने.' मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेली माणसं भिंत चाचपडत दुसऱ्या मजल्यावर चढली आणि शिव्या मला बसल्या!

वरचे दोन्ही गाळे रिकामेच आहेत. दवाखाना गेला की तुम्ही इमारत बिल्डरच्या घशात घालणार, हे मला स्पष्ट दिसतंय. पाटीवरचं माझं नाव आजच्या आज काढा.

काकूंना जय भीम. लोभ असू द्या, राग तर आहेच.

आपली,
दीक्षा

बिबवेवाडी,
२४ एप्रिल २०२५

चि. दीक्षास,
आशीर्वाद. 'अनेक' हा शब्द यावेळी मुद्दाम गाळला आहे.

तुझं नाव काढलं. पाटी आता जास्त चांगली दिसते.

'बचत' हा शब्द तुझा. आपल्या घरात बचत म्हणजे बटण बंद करणं, हे तुझ्या वडिलांनीही तुला शिकवलं असेल. तुझी बचत आधी खर्चाने सुरू होते, ती खराडीतल्या साहेबांना परवडत असेल. या महिन्याचं बिल कमी आलं, तेव्हा तुझा सल्ला लागू पडला म्हणायचा. आभारी आहे.

काच मी हौसेने लावली. तिच्यावर जाळी म्हणजे नव्या नवरीच्या अंगावर गोणपाट. डॉक्टरीणबाई जात असतील तर जाऊ देत. बिल्डरचा माणूस, आनंद, कागद घेऊन यायचा आहे. म्हातारपणी भाडेकरूंची बोलणी ऐकण्यापेक्षा ते बरं.

वेळेवर जेवत जा. रिकाम्या पोटी तू फार लिहितेस.

तुझा काका,
तात्याराव

बिबवेवाडी,
२ मे २०२५

चि. दीक्षास,
शैलाकाकूचे अनेक आशीर्वाद.

आनंद कागद घेऊन आला होता. इमारत माझ्या नावावर आहे, सही माझी लागते, हे त्याला इथे आल्यावर कळलं. त्याचं नवल नाही. तुम्हा काका-पुतणीच्या पत्रांतही मी फक्त जय भीम घ्यायला आहे. विकायची की ठेवायची, हे मला एकानेही विचारलं नाही. मी सही केली नाही.

मग डॉक्टरांकडे गेले. गुडघे धरून जिना चढले, लिफ्ट बंद होती ना! त्या म्हणाल्या की उकाड्याने तपासणीचं यंत्र बंद पडतं, आणि पेशंट जिना बघूनच दुसरीकडे जातात. गारवा आणि उजेड मिळणार असेल तर थोडं जास्त भाडं देऊनही त्या राहतील.

हे तुझ्या काकांना सांगितलं, तर उलट मलाच विचारतात की भाडं वाढतं हे दीक्षाने आधी का नाही सांगितलं. त्यांचं डोकं तापलेलं आहेच, पण तुझंही शहाणपण कळलं. मी तुझा आराखडा वाचला. विजेचे युनिट आहेत, एसीचे टन आहेत, भाडेकरू कुठेच नाही. 'ऊर्जा बचत' ऐवजी 'भाडेकरू टिकवायचा उपाय' एवढं वर लिहिलं असतंस, तर हे बटणाकडे धावले नसते.

लिफ्ट आणि जिन्यातले दिवे मी सुरू करवले. सोमवारी सकाळी जाळी बसवणारे येतील, पाठोपाठ गच्चीचा लेप आणि नवे एसी. डॉक्टरांनी नोटीस मागे घेतलेली नाही. महिनाअखेरीस भर दुपारी यंत्र चालवून बघतील आणि मगच सांगतील. काका शिडीखाली उभे राहून काच जपा म्हणून ओरडणार आहेत. तू रजा टाकून ये आणि त्यांच्याशी वाद न घालता काम करून घे.

लोभ सोमवारी कामाच्या वेळी दिसू दे.

तुझी,
शैलाकाकू