बुडालेल्या सरकारांची पेटी

डिचोली, गोवा
७ नोव्हेंबर १९६२

तीर्थस्वरूप लालासाहेब मामांच्या पायांवर भाचा मानसिंगचं डोकं. (खरं डोकं टेकायला इथं जागा न्हाई, एका खोलीत ट्रकवरचे सहा क्लीनर झोपतो.) मी खुशाल हाय. तुमचा गुडघा काय म्हणतो ते कडेगावास्नं कळवावं.

आवं मामा, तुमी म्हणाला होता, "एका नोकरीत वरीसभर टिक, पेटीभर नोटा दाखीव, मग बनीच्या लग्नाचं बगू." तर वरीस भरतच आलं. पेटीबी भरली. आत काय हाय ते आईकडनं कळायच्या आत मीच सांगतो.

पोर्तुगीज गेले तवा त्यांच्या नोटा देऊन रुपये घ्यायला इथं बँकेपुढं ही रांग! नोटेवर पोटापत्तुर दाढीचा साहेब, काय रुबाब! म्हटलं, ह्यो आता परत छापायचा न्हाई. मी रांगेच्या शेपटाला उभा राहून, माझे रुपये देऊन नोटा घेतल्या. आमचा ड्रायव्हर धुळा म्हणाला, "अरं गड्या, बुडत्या होडीतनं लोक भाईर उड्या मारत्यात, तू आत मारतोस व्हय?" पुढं एका सुताराकडनं निजामाच्याबी घेतल्या. आज माझ्याकडं दोन सरकारांचा पैसा हाय आणि दोन्हीत मिळून एक चहा येत न्हाई.

दिवाळीला दाढीवाल्याची एक नोट मेढ्याला आईकडं धाडली, जपून ठेव म्हणून. पत्र वाचणारा धोंडिराम नेमका साताऱ्याला गेलता. आपल्या नोटेवर सिंव्ह असतोय, हितं माणूस दिसला, तवा आईला वाटलं पोरानं कुण्या साधूचा फोटू धाडला. लक्ष्मीपूजनाला पाटावर मांडून दाढीला हळदकुंकू! शेजारच्या भामाबाईनं नवस बोलला आणि तिची हरवलेली शेळी घावली. आता गल्ली बेस्तरवारी नारळ फोडतीय आणि आई नोट माघारी देत न्हाई.

पण मामा, नाद वाईट न्हाई. या आधी सहा नोकऱ्या सोडल्या. ही सोडावी वाटली की पेटी उघडतो. एवढी राज्यं हालली, निदान आपण तरी जाग्यावर ऱ्हावं, असं वाटतंय.

तुमचा भाचा (जावई लिवायचं धाडस होत न्हाई)
मानसिंग

ता. क. : बनीला बघायला आष्ट्याचा गूळवाला येणार म्हणं. त्याला पंधरा दिवस थोपवा, मी रजा काढून येतो.

आणखी एक ता. क. : तुमच्या पलटणीच्या ट्रंकेत बर्म्यातनं आणलेल्या जपानी नोटांचं पुडकं हाय, ते हुडकू नका. बनीनं श्रावणातच मला पोस्टानं धाडलंय, हे तिसरं सरकार मी वर मोजलं न्हाई. आता पेटीतला निम्मा माल तिचा. वाटणी करण्यापरीस लगीन स्वस्त पडंल.