शुक्रवारच्या खुर्चीबाबत

मी, खाली सही करणारी विधवा, वय एकाहत्तर, धंदा शिवणकाम, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाखाली न येता स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण वकीलसाहेब म्हणाले, कायदा गुडघ्यांचे विचारत नाही. यापूर्वीचा कागद कोणी पुढे केला तर तो खोटा समजावा.

कलम १. शिलाई मशीन, दोन्ही कात्र्या आणि इस्त्री माझ्या भाचीला द्यावी. मोठ्या कात्रीने कागद कापलास तर याद राख. बँकेतली शिल्लक माझ्या मातीच्या खर्चाला. त्या वेळी गाणी चर्चच्या मंडळीनेच म्हणावीत. मात्र सुतारांना मागच्या रांगेत उभे करावे. त्यांचा भाव मोठा आहे, सूर नाही.

कलम २. राहते घर, म्हणजे दोन खोल्या, मोरी आणि जिन्याखालची जागा, माझ्या धाकट्या नणंदेला द्यावे. हे उपकार नव्हेत. कारण कलम ४ मध्ये आहे.

कलम ३. दाराशेजारची हातवाली खुर्ची मोडून जाळावी. वीस वर्षे दर शुक्रवारी मी हिरवी शाल पांघरून त्या खुर्चीत बसत असे. माझ्या अंगात येते, असे अख्खी गल्ली मानायची. लोक लग्नाचे, आजाराचे, हरवलेल्या चीजवस्तूंचे विचारायला यायचे आणि मी घुमत घुमत उत्तरे द्यायची. शालीची पुढे मी इस्त्रीखालची घडी केली. तिने उरलेला जन्म तरी कामात घालवला. खुर्ची मात्र नणंदेने मोडू दिली नाही. माझा बाप्तिस्मा होऊन अठरा वर्षे झाली, तरी ती दर शुक्रवारी खुर्ची पुसते. तिचे म्हणणे, "ते तुला सोडून गेलं, वहिनी, म्हणून तू तिकडे गेलीस."

कलम ४. ते सोडून गेले नाही. ते कधी आलेच नव्हते. दुसऱ्या कोणाचे मला ठाऊक नाही, माझ्यापुरते सांगते.

पहिल्यांदा घुमले ती सासूबाईंच्या शिव्या थांबाव्यात म्हणून. थांबल्या. मग चटक लागली. नणंद चोवीस वर्षांची असताना दवाखान्यातल्या कंपाउंडरचे स्थळ सांगून आले. माणूस निर्व्यसनी, हसतमुख, हिला पसंत. तेव्हा सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या होत्या. ही सासरी गेली असती तर त्यांचे हगणेमुतणे काढायला मी एकटी उरले असते, आणि काज-बटणाला फुकटचे माणूस कुठून मिळाले असते? त्या शुक्रवारी मी खुर्चीतून बोलले, "या मुलीचं लग्न होणे नाही." सगळ्यांनी ऐकले. पुन्हा आमच्या दारात स्थळ आले नाही.

बावन्नाव्या वर्षी मंडळीतल्या गायकांचे पांढरे झगे शिवायला मिळाले. मापे घ्यायला गेले आणि प्रवचन संपेपर्यंत मागच्या बाकावर थांबले. पाळक खोट्या साक्षीवर बोलत होते. माझ्या तोंडात टाचण्या होत्या, त्या काढायचेही सुचले नाही. पुढच्या रविवारी काम नसताना गेले. येशू माझ्यासारखीलाही पदरात घेतो, हे पटायला वर्ष लागले. पटले त्या दिवशी खुर्चीतून कायमची उठले. निम्मी गिऱ्हाइके तुटली. तुटू देत म्हटले.

बाप्तिस्म्याआधी सगळी पापे सांगितली, हे एक गिळले. पुढे पाळकांना सांगितले, तर ते म्हणाले, "मला कशाला सांगता, बाई? जिचं आहे तिला सांगा." माझी छाती झाली नाही. म्हणून इथे लिहिते आहे, म्हणजे ती वाचेल तेव्हा मी मातीत असेन.

कलम ५. इथवर काल लिहिले. रात्रभर स्वतःचीच लाज वाटली. मेल्यावर खरे बोलण्यात कसला आलाय विश्वास? आज सकाळी नणंदेला समोर बसवून कलम ४ वाचून दाखवले.

तिने हातातले काज पुरे केले, दोरा तोडला. मग म्हणाली, "माणूस चांगला होता का गं तो?"

"चांगला होता." मला रडू फुटले. तिला नाही.

"साक्षीला कोण आहे?"

"डॉक्टर आणि पाळकांची बायको."

"तिला राहू दे. मी करते सही."

साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, घर हातचे जाईल, असे मी बजावले. तर उसळलीच. "घर देऊन तोंड बंद करतेस होय माझं? सदतीस वर्षं लोक म्हणाले, हिला वरूनच नकार आहे. मीही तेच म्हणत आले. ते खोटं होतं, याला माझी साक्ष नको तर कुणाची?"

सबब कलम २ रद्द. घर मी जिवंतपणीच तिच्या नावावर करून देणार. वकीलसाहेबांना सोमवारी बोलावले आहे. नको म्हणाली तर भांडेन. प्रभूने मला क्षमा केली, असे मी मानते. मग तिचीही मागितली. म्हणाली, "शुक्रवारी बघू."

मृत्युपत्र करणारी: (सही)
ठिकाण: शिवणाची खोली
दिनांक: २३ जून, मंगळवार

साक्षीदार:
१. डॉक्टर, कोपऱ्यावरचा दवाखाना. बाईंनी माझ्यादेखत सही केली. पूर्ण शुद्धीवर आहेत. (सही)
२. नणंद, वय एकसष्ट, धंदा काज-बटण. माझ्यादेखत सही केली. कलम ४ ऐकले. खुर्ची मोडू नये. शुक्रवारी तिच्यात मी बसणार आहे. वहिनीने समोर बसून विचारावे. (सही)