कोबीच्या भाराने सुटलेलं सिंक

प्रिय प्रोफिरा,

फोनवर तू विचारलंस, "मी काय करू ते तू सांग," आणि मी म्हणालो, "तू बघ." त्यावर तू "बरं, ठेवते" म्हणालीस. ते "बरं" अजून माझ्या कानात आहे. इटलीत तू सांभाळत होतीस त्या सिन्योरा गेल्या, देव त्यांना शांती देवो. त्यांच्या भाचीने तुला वेरोनातल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांकडचं काम सुचवलंय, आणि डिसेंबरातल्या संत निकोलाच्या सणापर्यंत तिला हो की नाही ते कळवायचंय. एवढं मला नीट समजलं होतं. उत्तर तेवढं तोंडातून निघालं नाही. म्हणून लिहायला बसलोय. पण आधी सिंकची हकीगत सांगतो. शेजारच्या हरालांबिएच्या बायकोकडून तिखटमीठ लावून तुझ्यापर्यंत पोचण्याआधी ती माझ्याकडून कळलेली बरी.

तुझं नवं सिंक सुटलं. मोठ्या घरातलं, ओट्याच्या दगडाखालून चिकटवलेलं. तुला आठवतं का, सिन्योरांच्या घरी तसं पाहिल्यावर एक अख्खा नाताळ तू दुसरं काही बोलत नव्हतीस. "त्याला वर कडच नाही रे तोआदेर! ओट्यावरून हात फिरवला की सगळं आत." मग आपल्याकडे बसवलंस तेव्हा गल्लीतल्या बायका चर्चमधून परस्पर बघायला आल्या होत्या. हरालांबिएच्या बायकोने बोटांनी कड चाचपून विचारलं, "अगं, पण हे बसलंय कशावर?" तू म्हणालीस, "कशावर नाही, नुसतं चिकटलंय." "म्हणजे आमच्या जावयासारखं," ती म्हणाली, आणि तू हसून खाली बसलीस. तुझं तसं हसणं मी त्यानंतर ऐकलेलं नाही.

त्या सिंकमध्ये आजवर एक बशीही धुतली गेली नव्हती. आपल्याकडे सगळ्यांचं तेच. मोठं घर पाहुण्यांसाठी, आणि राहायचं मागच्या छोट्या स्वयंपाकघरात. माझे आईवडील तसेच राहिले, मीही तसाच राहतो. ऑगस्टमध्ये तू येतेस तेव्हा तूसुद्धा म्हणतेस, तिथे नको, घाण होईल.

या वर्षी कोबी चांगला आला. हिवाळ्यासाठी आंबवायला पिंपात घातला, मिठाचं पाणी ओतलं, आणि पिंपाच्या फळ्या आवळून धरणारी पट्टी निसटली. तळघरात पाणीच पाणी. आता एवढा कोबी ठेवायचा कुठे? तुझं सिंक डोळ्यांसमोर आलं. खोल, स्वच्छ, जणू त्यासाठीच बनवलेलं. बूच लावलं, गड्डे रचले, खारं पाणी ओतलं, वर फळी ठेवली आणि फळीवर सिरेत नदीतला तो दाबाचा धोंडा. स्वतःवर खूश होऊन झोपायला गेलो. सकाळी पाहतो तर सिंक एका बाजूने बोटभर खाली लोंबत होतं आणि खालच्या कपाटात आंबट पाण्याचं तळं. धोंडा उचलेपर्यंत दुसरी बाजूही सुटली आणि सगळा भार सांडपाण्याच्या नळीवर आला. हरालांबिए दारात उभा राहून म्हणाला, "लेका, इटलीच्या सिंकात आपला कोबी! बिचाऱ्याने जीव सोडला नसता तर काय केलं असतं?"

ज्याने ते बसवलं होतं त्याच्या घरी गेलो. त्याची बायको फाटकात आली. "ते आता जर्मनीत असतात," ती म्हणाली. पुढे तिने विचारलं, "तुमच्या त्या कशा आहेत?" मी म्हटलं, बऱ्या आहेत. मग दोघं थोडा वेळ तिच्या बदकांकडे बघत उभे राहिलो.

तेव्हा ठरवलं, आपणच करायचं. नळी सोडवली, सिंकखाली लाकडी ठोकळे लावून ते अलगद उतरवलं. दगडाला आणि पत्र्याच्या काठाला जुनं सिलिकॉन चिकटलेलं होतं, ते पात्याने खरवडून काढलं. मग तो भाग पुसून कोरडा आणि निर्मळ करायला हवा होता. हरालांबिए स्वतःच्या भट्टीची आलुबुखारची दारू घेऊन आला. "तापात अंगाला चोळतो, दाढ दुखली की तोंडात धरतो, दगडाला का चालणार नाही?" मला पटलं. आपल्याकडे कुणाला पटलं नसतं? दगड पुसला, काठ पुसला, उरलेली त्याने घशाखाली घातली. नवं सिलिकॉन लावलं, सिंक वर उचललं, ओट्यावर आडवी फळी टाकली आणि पाणी जायच्या भोकातून लांब बोल्ट घालून, खालून ठोकळा देऊन, वरून नट आवळला. सिंक दगडाला जाऊन भिडलं. दुसऱ्या दिवशी नट सैल केला, तर ते पुन्हा माझ्या हातात आलं. बोट फिरवून पाहिलं तर दगड चिकट. हरालांबिए टोपी काढून डोकं खाजवत म्हणाला, "रंग यावा म्हणून थोडी साखर जाळून घातली होती रे. पाहुण्यांना तशीच आवडते."

मग गावातल्या औषधांच्या दुकानातून साधं स्पिरिट आणलं आणि सगळं पहिल्यापासून केलं. दुसरी एक गोष्ट सिलिकॉनच्या डब्यावर वाचली: गारठ्यात हे सिलिकॉन धरत नाही, खोली उबदार हवी. बाहेर तर पाणी गोठायला लागलेलं. म्हणून मोठ्या घरातली शेगडी पेटवली. ती बांधल्यापासून थंडीत कधी पेटवली नव्हती, प्रोफिरा. आधी धूर झाला, मग धुराड्याने ओढ धरली. आग विझू नये म्हणून मी तिथेच घोंगडी अंथरली. भिंतींना घाम फुटला, खिडक्यांवर वाफ आली. नाताळआधीचा उपवास सुरू झालाय, तेव्हा घेवडाही त्याच शेगडीवर शिजवला आणि त्या खोलीला पहिल्यांदा कांद्याचा वास लागला. मी पाठीवर पडून, अर्धा कपाटात, अर्धा बाहेर, काठावरून सिलिकॉन कुठे सांडलंय का ते बघून पुसत होतो आणि मनात प्रार्थना चालली होती. घर बांधलेलं असणं निराळं आणि घरात कुणी असणं निराळं, हे मला माहीत होतं. पण त्या उबेत ते अंगाला जाणवलं.

या खेपेला धरलं. शिवाय खालून चारही बाजूंना क्लिपा बसवल्या, नळी जोडली, सिंक काठोकाठ भरलं आणि खाली वर्तमानपत्र पसरून खुर्ची ओढून समोर बसलो. संध्याकाळी कागद कोरडा होता. कोबीसाठी हरालांबिएने त्याचं जुनं पिंप दिलं. सारमाल्यांचं सारण गुंडाळायला पानं पुरतील.

मग मी माझी जेवणाची ताटली तिथे धुतली. पाठ दुखायला लागली. का ते आधी कळेना. मग आठवलं, दगडवाल्याच्या अंगणात तू हात कोपरात वाकवून उभी होतीस आणि त्याने जमिनीपासून तुझ्या कोपरापर्यंत पट्टी धरली होती. ओटा तुझ्या उंचीचा आहे. मला तिथे वाकूनच उभं राहावं लागतं.

आणि गेल्या ऑगस्टमधलं ते. छोट्या स्वयंपाकघरात तू भाजी ढवळत होतीस आणि मला विचारलंस, "मीठ कुठे असतं तुमच्याकडे?" मी डबा काढून दिला. "तुमच्याकडे" हा शब्द दोघांनीही ऐकला आणि दोघांनीही ऐकला नाही असं दाखवलं. फोनवर "तू बघ" म्हणताना माझ्या मनात तेच होतं. वाटलं, आता तिला तिकडचं सगळं आपलं झालं असेल. माझ्या सांगण्याने ती आली आणि इथे पाहुण्यासारखी बसून राहिली, तर तिचं तेही घर गेलं आणि हेही. म्हणून गप्प बसलो. समजूतदारपणा म्हणून नाही, भीतीने.

रविवारी प्रार्थनेत पाद्रीबाबा प्रवासात असलेल्यांची नावं मोठ्याने वाचतात. तू गेलीस त्या आठवड्यापासून तुझं नाव मी त्यांच्याकडे देतोय. काल प्रार्थनेनंतर त्यांनी मला थांबवलं. म्हणाले, "तोआदेर, तिला परत आण म्हणून इतकी वर्षं तू देवाला सांगतोयस. तिला कधी सांगितलंस का?" खरंच सांगितलं नव्हतं. जाऊ नकोस म्हटलं नाही, ये म्हटलं नाही, दर वेळी तुझी पिशवी उचलून बसपर्यंत आलो आणि हात हलवला. आपल्या लेकीचं, इलिंकाचं शिक्षण झालं, तिचं लग्न झालं, घराला छप्पर चढलं. आता बांधायचं काही उरलेलं नाही. तू विचारलंस म्हणून सांगतो, आणि तू विचारलं नसतंस तरी सांगायला हवं होतं: वेरोनाला नाही म्हण. घरी ये. इथे तुला परकं वाटेल काही दिवस, मलाही वाटेल, दोघांनाही कुठे काय ठेवलंय ते सापडणार नाही, तर चालेल. आणि तू आधीच होकार दिला असशील, तर तोही तुझाच. मी रागावणार नाही, बसपर्यंत येईन. पण या वेळी पिशवी तुझ्या हातात देण्याआधी तोंडाने म्हणेन की जाऊ नकोस. शेगडी मी विझू दिलेली नाही.

तुझी वाट पाहणारा, तुझाच
तोआदेर